पाऊंड नव्हे, मिलिमीटर!

बेटकास्टिंग रील नव्यानं घेणारा माणूस दुकानात हमखास विचारतो, "हिच्यावर किती पाऊंडाची दोरी भरू?" कोकणातल्या खाड्यांच्या काठानं, कांदळवनाच्या कडेकडेनं अनेक वर्षं गरवल्यावर माझं ठाम मत झालं आहे की पाऊंडाची चौकशी नंतर करावी. आधी विचारावं ते दोरी किती मिलिमीटर जाड आहे हे. ब्रेडेड म्हणजे विणलेली दोरी असेल, तर ताकद बहुतेक वेळा गरजेपेक्षा जास्तच मिळते. रील नीट चालेल की नाही, हे जाडी ठरवते.

स्पिनिंग रीलचं स्पूल फेकताना जागचं हलत नाही. दोरीचे वेढे त्याच्या ओठावरून सुटून निघतात. बेटकास्टिंग रीलमध्ये ल्युअर, म्हणजे फेकायचं खोटं आमिष, दोरी ओढतं आणि ती दोरी अख्खं स्पूल गरगरा फिरवते. आता समजा, मासा लागला. चार किलोच्या ताणाखाली दोरी गुंडाळली गेली. हे घट्ट वेढे खालच्या सैल वेढ्यांच्या फटींत घुसतात, आणि दोरी जितकी बारीक, तितकी ती खोल रुतते. पुढच्या फेकीत स्पूल पूर्ण वेगात असताना दोरी त्या रुतलेल्या जागी अडकते. क्षणात झटका बसतो, स्पूलवर गुंत्याचं घरटं होतं आणि महागाचं ल्युअर तुटून एकटंच पलीकडच्या काठाकडे निघून जातं. दोरीची ताकद कमी पडली म्हणून हे होत नाही. जाडी कमी पडते म्हणून होतं.

या दोरीचा इतिहास थोडक्यात सांगतो. ती अतिउच्च रेणूभाराच्या पॉलिएथिलीनची असते. नेदरलँड्समधल्या डीएसएम कंपनीनं त्याच्या धाग्याला डायनीमा नाव दिलं, अमेरिकेत तो स्पेक्ट्रा म्हणून आला आणि १९९० नंतर मासेमारीत पसरला. हा धागा पाण्यावर तरंगतो, जेमतेम तीन-चार टक्के ताणला जातो आणि साधारण दीडशे अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतो. म्हणून गाठ आवळताना ती घासून तापू नये यासाठी ओली करायचीच.

माझ्या खऱ्या आवडीचा विषय आहे जपानी क्रमांकांचा. दोरीच्या डब्यावर 'पीई १', 'पीई २', 'पीई ३' असं लिहिलेलं असतं; पीई म्हणजे पॉलिएथिलीन. पीई १ म्हणजे २०० डेनियर, अर्थात नऊ किलोमीटर दोरीचं वजन २०० ग्रॅम. पीई २ म्हणजे ४०० डेनियर, पीई ३ म्हणजे ६००. क्रमांक वजनावर बेतलेला असल्यामुळे हिशेब तोंडी होतो. स्पूलवर पीई ३ शंभर मीटर मावत असेल, तर पीई २ दीडशे मीटर मावणार. जाडी मात्र वर्गमुळाच्या चालीनं वाढते. पीई १ साधारण ०.१६५ मिमी, पीई २ म्हणजे ०.२३५, पीई ३ म्हणजे ०.२८५ आणि पीई ४ म्हणजे ०.३३. चौपट धागा घातला तेव्हा कुठे जाडी दुप्पट झाली! हा तक्ता मी रीलच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवून ठेवला आहे.

पाऊंडांचे आकडे असे सरळ वागत नाहीत. अमेरिकी पॉवरप्रोची ३० पाऊंडाची दोरी ०.२८ मिमी जाड, म्हणजे जवळजवळ पीई ३ आहे. जपानी पीई ३ च्या डब्यांवर मात्र बहुधा ४५-५० पाऊंड छापलेले असतात. जाडी तीच, आकडे निराळे. कोणी कमीत कमी ताकद छापतो, कोणी जास्तीत जास्त. दोन कंपन्यांच्या दोऱ्यांची तुलना पाऊंडांवर करायची नाही, ती यासाठी.

जाडी घरी मोजता येते. पेन्सिलीवर वीस वेढे एकाला एक चिकटवून घ्या आणि पट्टीनं त्यांची रुंदी मोजा. सहा मिलिमीटर भरली, तर दोरी ०.३ ची. विणलेली दोरी थोडी चपटी होते, तेवढी सूट धरा.

आचऱ्याच्या खाडीवर हातानं तंगूस, म्हणजे नायलॉनची एकसंध दोरी, सोडून गरवणारे एक आजोबा भेटले होते. माझी पीई ३ त्यांनी नखावर ओढून पाहिली आणि विचारलं, "ह्या सुतान तांबोशी येतली?" प्रश्न रास्त होता. तांबोशी ल्युअर पकडताच कांदळाच्या मुळांत परत घुसते. तिथे कालवं चिकटलेली असतात आणि ताणलेली विणीची दोरी कालवाच्या धारेवर लागली की क्षणात तुटते. जिताड्याचंही तसंच. त्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कड धारदार असते. म्हणून पुढे मीटर-दीड मीटर जाड तंगूस किंवा फ्लुरोकार्बनचा लीडर हवाच, ४० ते ६० पाऊंडांचा. आजोबांना लीडर दाखवला, तेव्हा त्यांनी मान डोलावली.

मग सरळ पीई ६ का भरू नये? कारण दोरीचं ओझं स्पूलला फिरवावं लागतं. पीई ३ चे दीडशे मीटर दहा ग्रॅम भरतात, पीई ६ चे वीस. हलकं ल्युअर एवढं ओझं चटकन गतीत आणू शकत नाही. शिवाय जाड दोरी वारा धरते आणि उधाणाच्या भरतीत पाण्यात तिचं मोठं पोट सुटतं. तळ्यातल्या वेलींतून मरळ उपसायची असेल, तर पीई ४ किंवा ५ योग्य. तिथे फेक जवळची असते आणि दोरीला वनस्पती कापत यायचं असतं. पाच-सात ग्रॅमची चिमुकली ल्युअर फेकणाऱ्या उथळ स्पूलच्या रीलवर पीई १ चालते, कारण तिथे ड्रॅग (दोरी सुटू देणारा ब्रेक) हलका असतो आणि रुतण्याइतका ताणच येत नाही.

बेटकास्टिंग रीलचं घड्याळजींशी जुनं नातं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत केंटकी राज्यातल्या पॅरिस गावी जॉर्ज स्नायडर या घड्याळजीनं दातेरी चाकांची अशी रील बनवली. स्वीडनमधल्या स्वेंग्स्टाची आबू कंपनी १९२१ साली निघाली तीही खिशातली घड्याळं करायला. पुढे टॅक्सीचे मीटर आणि मग पन्नाशीच्या दशकात 'अँबॅसडर' रील! जुनी लाल अँबॅसडर मी एका संग्राहकाच्या घरी उघडून पाहिली. तिच्या चाकांची सफाई पाहून हात जोडावेसे वाटले.

दोरी भरताना तळाला थोडं तंगूस गुंडाळा, नाहीतर गुळगुळीत विणीची दोरी स्पूलवर सगळीच्या सगळी घसरते. वेढे ओल्या फडक्यातून ताण देत घ्या आणि कडेला दीडेक मिलिमीटर जागा सोडा. कालवं, खडप असेल तिथे चार पदरी दोरी टिकते, कारण तिचा एकेक पदर जाड असतो. लांब, गुळगुळीत फेकीला आठ पदरी चांगली.

आपल्या खाड्यांसाठी, दहा ते तीस ग्रॅमच्या ल्युअरसाठी, माझा निवाडा पीई ३ असा आहे. फार तर अडीच, पण दोनच्या खाली नको. एका हंगामात वरचे तीसेक मीटर विसविशीत झाले, तर दोरी टाकून देऊ नका. ती उलटी भरा. तळाची कोरी बाजू वर येते आणि तेवढ्याच पैशांत दुसरा हंगाम निघतो.