थ्री नॉट थ्री

इंग्लंड-अमेरिकेतले शौकीन पहिल्या महायुद्धातली ली-एनफिल्ड रायफल रीतसर विकत घेतात आणि सुटीच्या दिवशी चांदमारीवर नेऊन चालवतात. सांगलीत खिशात कितीही पैसे असले तरी हा शौक पुरा होत नाही. ०.३०३ इंच हा आपल्याकडे प्रतिबंधित बोअर. जिल्ह्याच्या साध्या परवान्यावर ती मिळायची नाही. तरीही ती सगळ्यांच्या ओळखीची. ट्रेझरीच्या दारात, मतपेट्यांच्या खोलीबाहेर, हवालदाराच्या खांद्यावर वर्षानुवर्षे तीच असे.

तिची खुबी बोल्टमध्ये आहे. जेम्स पॅरिस ली या स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या कारागिराने बोल्ट अडकवणाऱ्या खुंट्या पुढे न ठेवता मागे ठेवल्या. त्यामुळे बोल्टची ये-जा आखूड झाली. दांडी उचलून मागे ओढताना फारसा जोर लागत नाही. स्प्रिंग दाबली जाते ती बोल्ट पुढे ढकलताना, तळहाताच्या रेट्याने. दस्ता खांद्यावरून न हलवता पुढची गोळी तयार. जर्मन माउझरमध्ये पाच काडतुसे, हिच्यात दहा. तीनशे यार्डांवर मिनिटाला पंधरा नेमके बार ही ब्रिटिश शिपायाकडून किमान अपेक्षा होती. वजन मात्र चार किलोच्या आसपास, आणि दस्ता खांद्याला घट्ट लावला नाही तर धक्का चांगलाच बसतो. दस्त्याच्या टोकाला पितळी पत्रा, त्यात छोटे झाकण. आत तेलाची बाटली आणि नळी साफ करायची दोरी. बंगालातल्या इछापूर कारखान्याच्या रायफलीला पुढच्या लाकडातून आडवा स्क्रू मारलेला दिसला, की जाणकार लगेच ओळखतो.

साताऱ्याजवळच्या अपशिंग्याने पहिल्या महायुद्धात ४६ माणसे गमावली. फौजेत गेलेल्या अशा घरांना बंदूक नवी नव्हती. त्याच मुलखात पुढे इंग्रजी सत्तेविरुद्ध प्रतिसरकार उभे राहिले. २४ जुलै १९४३ रोजी वसंतदादा पाटील आणि साथीदारांनी सांगलीच्या तुरुंगात पहारेकऱ्यांच्या बंदुका हिसकावून तट गाठला. पाठलागात अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव मारले गेले. दादा गोळी लागून जखमी झाले. सरकारी बंदूक इथल्या माणसाच्या हाती परवान्याविना आली ती अशी.

स्वातंत्र्यानंतर तिला निवृत्ती मिळायला हवी होती, पण १९६२ मध्ये चिन्यांसमोर आपले जवान हीच घेऊन उभे होते. २००८ च्या २६ नोव्हेंबरला छत्रपती शिवाजी टर्मिनसवर अतिरेक्यांच्या एके-४७ पुढेही पोलिसांच्या हाती हीच होती. रायफल वाईट नव्हती. तिला चाळीस वर्षे जास्त राबवले, हा दोष तिचा नाही.

मग शौकिनाने करायचे काय? इछापूरनेच वाट काढून ठेवली आहे: ०.३१५ ची स्पोर्टिंग रायफल. बोल्ट तोच लीचा, मॅगझिन पाच गोळ्यांचे, नळी ८ मिलिमीटरची. फौजी ०.३०३ म्हणजे ७.७. फरक सगळा ०.३ मिलिमीटरचा, आणि कायदा तेवढ्यावर उभा! २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला तीनऐवजी दोनच हत्यारे ठेवता येतात, परवाना मात्र पाच वर्षांचा झाला. काडतुसे परवान्यावर नोंदतील तेवढीच मिळतात. निवडणुकीची आचारसंहिता लागली की हत्यार पोलीस ठाण्यात जमा करायचा हुकूम येतो. मग निकाल लागेपर्यंत मालकाच्या हातात फक्त पावती.