तोफेचे 'कॅलिबर' म्हणजे काय?

'त्या माणसाचे कॅलिबरच वेगळे!' असे आपण सहज म्हणून जातो. तोफखान्यात मात्र हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो आणि तिथेच आपला घोळ होतो.

पहिला अर्थ सोपा. तोफेच्या नळीचा आतला व्यास म्हणजे कॅलिबर. १९९९ च्या कारगिल युद्धात वापरलेल्या बोफोर्स तोफेचे कॅलिबर १५५ मिलिमीटर. पण तिच्या वर्णनात '३९ कॅलिबर' असेही लिहितात. मग खरे कोणते? दोन्ही! दुसरा आकडा नळीची लांबी सांगतो. ती व्यासाच्या ३९ पट, म्हणजे ३९ × १५५ = ६०४५ मिलिमीटर, सुमारे ६ मीटर आहे. भारतात बनलेली 'धनुष' तोफ ४५ कॅलिबरची. व्यास तोच, नळी मात्र सुमारे ७ मीटर.

लांब नळीचा उपयोग काय? दारू जळून तयार झालेला वायू गोळ्याला मुख्यतः तो नळीत असेपर्यंतच ढकलतो. ढकलण्याचे अंतर वाढले की गोळ्याची गतिज ऊर्जा वाढते, वेग वाढतो आणि पल्लाही वाढतो. मात्र वायू पसरेल तसा त्याचा दाब घटतो, शिवाय नळी जड होते. म्हणून लांबीला मर्यादा येते.

वर्गात सारख्या व्यासाच्या एक आखूड व एक लांब अशा कागदी नळ्या करू. त्यांतून कागदाचा बोळा मोकळ्या जागेत फुंकून पाहू. बोळा दर वेळी तोच, फुंकरही शक्यतो तेवढीच. आणि मुलांना विचारू: ३९ कशाचे, १५५ कशाचे? नुसता आकडा अर्धवटच असतो.