चूक झाली की चूक केली?

शाळेत विषय निवडण्याचे दिवस आले की आम्हां मराठीच्या शिक्षकांच्या पोटात गोळा येतो. कोणी तरी पालक भेटावयास येतात, नम्रपणे हात जोडतात आणि म्हणतात, "गुरुजी, रागावू नका, पण मुलीला पुढे प्रोग्रामर व्हायचे आहे. मराठी सोडून तेवढा वेळ तिला कॉम्प्युटरला देऊ द्या." यावर आजवर आम्ही संस्कृतीचे, पूर्वजांचे, गणपतीचे आणि झाकरीचे नाव घेत आलो. पालक मान डोलावतात आणि मराठी सोडतात. त्यांचे अगदीच चुकते असेही म्हणवत नाही. मुलीच्या पोटापाण्याचा प्रश्न आहे.

म्हणून या वेळी संस्कृतीचा विषय बाजूस ठेवून आम्ही एका निराळ्याच साक्षीदारास बोलावीत आहोत. हे गृहस्थ मराठी नव्हते, भारतीयही नव्हते. ज्या डच लोकांनी १५९८ साली आपल्या बेटावर उतरून त्यास आपल्या राजपुत्र मॉरिसचे नाव दिले, त्यांच्यापैकी ते एक. नाव एड्सगर डाइक्स्ट्रा. जन्म रॉटरडॅम येथे ११ मे १९३० रोजी. वडील रसायनशास्त्राचे शिक्षक, आई गणिती. मुलगा लायडन येथे पदार्थविज्ञान शिकत होता. १९५१ साली केंब्रिजला प्रोग्रामिंगचा एक छोटा अभ्यासक्रम त्याने केला, दुसऱ्या वर्षी अॅमस्टरडॅमच्या गणित केंद्रात तो नोकरीस लागला, आणि पुढील पन्नास वर्षे त्याने दुसरे काही केले नाही.

१९५७ साली त्यांचे लग्न झाले. वधूही त्याच केंद्रात गणनाचे काम करणारी. नोंदणीच्या कागदावर वराचा व्यवसाय लिहावयाचा होता. त्यांनी 'प्रोग्रामर' असे लिहिले. नगरपालिकेने ते मान्य केले नाही. असा व्यवसायच नाही, असे सांगण्यात आले! शेवटी त्या रकान्यात 'सैद्धांतिक पदार्थवैज्ञानिक' असे लिहावे लागले. कागदावरचा रकाना माणसास विचारून आखलेला नसतो, हे आपणांस निराळे सांगावयास नको. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आपल्या पणजोबांच्या नोंदी ज्यांनी शोधल्या आहेत त्यांस ते चांगले ठाऊक आहे.

या गृहस्थांचे एक काम आपण सर्वजण नकळत वापरतो. १९५६ साली त्यांच्या केंद्रातील आर्मॅक नावाचे नवे यंत्र लोकांस दाखवावयाचे होते. पाहुण्यांस उच्च गणित कळणार नव्हते, तेव्हा त्यांना समजेल असा प्रश्न हवा होता. डाइक्स्ट्रांनी प्रश्न निवडला: एका शहराहून दुसऱ्या शहरास जाण्याचा सर्वांत जवळचा रस्ता कोणता? एके सकाळी भावी पत्नीबरोबर बाजारहाट करून दमल्यावर दोघे एका कॅफेच्या अंगणात कॉफीस बसले, आणि तेथे सुमारे वीस मिनिटांत उत्तराची रीत त्यांच्या डोक्यात तयार झाली. जवळ कागद नाही, पेन्सिल नाही. हॉलंडच्या नकाशातून त्यांनी नेमकी ६४ शहरे घेतली, कारण शून्य आणि एक यांच्या सहा घरांत ६४ क्रमांक बसतात.

रीत अशी. समजा आपण पोर्ट लुईत उभे आहोत. मोका, बो बासँ, पाम्प्लेमूस अशा शेजारच्या गावांस किती वेळ लागतो तो लिहून ठेवा. यांत सर्वांत जवळचे गाव मोका निघाले, तर त्याचा आकडा कायमचा झाला. तो पुन्हा तपासावयास नको. का? कारण दुसऱ्या कोणत्याही वाटेने मोक्यास जावयाचे तर आधी त्याहून दूरच्या एखाद्या गावास पोहोचावे लागेल, आणि तेथून मोक्यास लवकर पोहोचणे शक्य नाही. आता मोक्याहून पुढची गावे पाहा. कोठे जुन्या आकड्याहून कमी वेळ लागत असेल तर जुना खोडून नवा लिहा. उरलेल्यांत जे सर्वांत जवळचे, ते आता कायम करा. असे करीत माहेबूरपर्यंत या. सर्व वाटा एकेक करून चालून पाहण्याची गरजच नाही. १९५९ साली हे तीन पानांत छापून आले. आज मोबाइलवर नकाशा रस्ता सांगतो तो बहुधा याच रीतीच्या सुधारून घेतलेल्या रूपाने. डाइक्स्ट्रा पुढे सांगत की हाताशी कागदपेन्सिल नव्हती हे बरेच झाले. त्यामुळे टाळता येण्यासारखी गुंतागुंत टाळणे भागच पडले.

आम्हांस या माणसाची गोडी लागली ती मात्र त्यांच्या टिपणांमुळे. विद्यापीठातील हे प्राध्यापक आपले विचार क्रमांक घालून लिहीत, आणि पुढे पुढे तर फाउंटन पेनने, वळणदार अक्षरांत. क्रमांकाआधी आपल्या नावाची तीन आद्याक्षरे, ई. डब्ल्यू. डी. मग छायाप्रती काढून पोस्टाने मित्रांस पाठवीत. मित्र आणखी प्रती काढून पुढे पाठवीत. अशी तेराशेहून अधिक टिपणे झाली. कोठे गणिताची सिद्धता, कोठे प्रवासाचा वृत्तांत, कोठे मोठ्या कंपन्यांवर कोरडे, कोठे विद्यार्थ्यांस उपदेश. १९६८ साली प्रोग्राममध्ये वाटेल तेथून वाटेल तेथे उडी मारण्याच्या सवयीविरुद्ध त्यांनी एक पत्र प्रसिद्ध केले आणि या धंद्यात मोठे वादळ उठले. १९७२ साली त्यांस संगणकशास्त्राचे ट्युरिंग पारितोषिक मिळाले, तेव्हाच्या भाषणाचा विषय होता नम्र प्रोग्रामर. आपली कवटी लहान आहे हे ज्याला कळले तोच चांगला प्रोग्रामर, असा त्याचा आशय. तपासणीने चूक आहे हे दाखविता येते, चूक नाही हे कधीच दाखविता येत नाही, हेही ते वारंवार बजावीत.

स्वतः डाइक्स्ट्रा फारसे नम्र नव्हते, हे सांगितले पाहिजे. त्यांच्या गर्वाची समव्यावसायिक थट्टा करीत. पण त्यांचे एक मत वाचून आम्ही पुस्तक मिटून बसलो.

प्रोग्राममधील दोषास इंग्रजीत 'बग' म्हणण्याची रीत आहे, म्हणजे किडा. १९८८ च्या एका टिपणात डाइक्स्ट्रा म्हणतात की हा शब्द टाकून द्या आणि सरळ 'चूक' म्हणा. किडा म्हटले की असे वाटते, प्रोग्रामरचे लक्ष नसताना तो कोठून तरी आत शिरला. तो शिरलेला नसतो. लिहिणाऱ्याने तो स्वतःच्या हाताने घातलेला असतो.

हे वाचून आम्हांस आपला वर्ग आठवला. पाण्याचा ग्लास फुटतो. "कोणी फोडला?" असे विचारले की उत्तर क्रेओलमध्ये येते, "वेर-ला फिन कासे". ग्लास फुटला. आपोआप! "मो फिन कास वेर-ला", मी फोडला, असे म्हणावयास जीभ वळत नाही. मराठीत फुटणे आणि फोडणे, सांडणे आणि सांडवणे, तुटणे आणि तोडणे अशा जोड्या आम्ही फळ्यावर लिहितो, मुले त्या पाठ करतात. पण 'चूक झाली' आणि 'चूक केली' या दोहोंत किती अंतर आहे हे आम्हीही इतक्या वर्षांत कधी नीट सांगितले नव्हते. (चूक झाली, क्षमा असावी, असे आम्ही येथे लिहिणार होतो. सांगितले नाही, ही चूक आम्ही केली.)

हा केवळ व्याकरणाचा खेळ नव्हे. ज्यांचे नातेवाईक इंग्लंडात आहेत त्यांस तेथील पोस्टाचे प्रकरण माहीत असेल. तेथे गल्लोगल्ली छोटी पोस्टे चालविणारे लोक असतात, आणि त्यांत आपल्या भारतीय वंशाची कुटुंबे पुष्कळ. १९९९ पासून त्यांच्या हिशेबासाठी होरायझन नावाचा प्रोग्राम बसविण्यात आला. प्रोग्राम दाखवू लागला की तिजोरीत पैसे कमी आहेत. लोक म्हणत, आम्ही घेतले नाहीत. वरचे म्हणत, यंत्र चुकत नाही. तेथील कायदाही यंत्र नीट चालते असेच गृहीत धरून चालत होता. २०१५ पर्यंत ९०० हून अधिक जणांवर चोरीचे वा खोट्या हिशेबाचे गुन्हे शाबीत झाले. कोणी घर विकून नसलेली तूट भरली, कोणी तुरुंगात गेले, त्यांत एक गरोदर स्त्रीही होती. काहींनी जीव दिला. दोष प्रोग्राममध्ये होते, असे न्यायालयाने २०१९ च्या डिसेंबरात सांगितले, आणि २०२४ साली पार्लमेंटला खास कायदा करून शेकडो शिक्षा रद्द कराव्या लागल्या. इतकी वर्षे हिशेब 'चुकला' होता, पण तो 'चुकविला' कोणी हे विचारण्यास कोणी तयार नव्हते. आणि दोष मात्र काउंटरवर उभ्या असलेल्या माणसाच्या माथी मारणे फार सोपे गेले.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. १९७५ च्या एका टिपणात डाइक्स्ट्रांनी लिहिले आहे की गणिताच्या ओढीखेरीज चांगल्या प्रोग्रामरजवळ सर्वांत महत्त्वाचे भांडवल असावे लागते ते म्हणजे मातृभाषेवरील असाधारण प्रभुत्व. मातृभाषेवरील! हे कोणा भाषेच्या शिक्षकाचे म्हणणे नाही, वाचकहो.

त्यांचे सर्वच मत आम्ही मानीत नाही. त्याच टिपणात त्यांनी बेसिक या सोप्या संगणकभाषेवर तोफ डागली आहे. ती शिकलेल्या विद्यार्थ्याची बुद्धी कायमची अधू होते, त्याला पुढे चांगले प्रोग्रामिंग शिकविणे जवळजवळ अशक्य, असे ते म्हणतात. आम्ही शिक्षक आहोत, आणि कोणतेही मूल कायमचे बिघडले असे म्हणण्याचा अधिकार शिक्षकास नाही, असे आम्हांस प्रशिक्षणात शिकविले होते. ते आम्ही अजून मानतो. बेसिक १९६४ साली अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजात तयार झाली, ती सामान्य विद्यार्थ्यासही यंत्राजवळ जाता यावे म्हणूनच.

परंतु भाषेचे त्यांचे म्हणणे आम्ही वर्गात पडताळून पाहिले. गणेश चतुर्थीच्या आधी मुलांस सांगितले, ज्याने मोदक कधी पाहिला नाही अशा माणसासाठी तो करण्याची कृती लिहा. एकाने दुसऱ्याच ओळीत सारण भरले. सारण म्हणजे काय आणि ते केव्हा केले, याचा पत्ता नाही. एकाने 'ते त्यात घालावे' असे लिहिले. काय, कशात? एकीने मोदक उकडावयास ठेवले, ते अजून उकडतच आहेत, कारण केव्हा उतरवावेत हे लिहिलेच नाही. संगणक शिकविणाऱ्या आमच्या सहकाऱ्यांस वह्या दाखविल्या तेव्हा ते हसून म्हणाले, हीच मुले माझ्या तासाला याच चुका करतात.

आता तर यंत्रास साध्या भाषेत सांगितले की ते स्वतः प्रोग्राम लिहून देते. २०२२ च्या अखेरीपासून हे घरोघर पोहोचले. मग शिकावयाचे तरी कशास, असे मुले विचारतात. साध्या बोलीने यंत्र चालविण्याची कल्पना डाइक्स्ट्रांच्या काळीही निघाली होती, आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी तिला वेडेपणा म्हटले. गणिताची काटेकोर चिन्हे हे ओझे नसून सोय आहे, कारण बोलण्यात अर्थहीन वाक्यही सहज खपून जाते, असा त्यांचा मुद्दा. यंत्रे पुष्कळ पुढे गेली, त्यांचा अंदाज तेवढ्यापुरता चुकला. पण यंत्राने लिहिलेले बरोबर आहे का, हे पाहावयाचे काम उरतेच, आणि 'ते त्यात घालावे' असे सांगणाऱ्यास ते कसे जमावे?

हे सर्व आम्ही त्या पालकांस सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "गुरुजी, ते साहेब घरी डच बोलत असतील. आमच्या घरी तर आम्ही क्रेओल बोलतो. मग मातृभाषा कोणती?"

प्रश्न खरा आहे, आणि त्यास बगल देणे बरे नव्हे. आपल्या बहुतेक मुलांची पहिली भाषा आज क्रेओल आहे. २०१२ पासून ती प्राथमिक शाळेत शिकविली जाते आणि त्याबद्दल आमची तक्रार नाही. जे मूल क्रेओलमध्ये नीट विचार करून नीट लिहील त्यास डाइक्स्ट्रांनीही नापास केले नसते. मराठीसाठी आम्हांस एवढेच म्हणावयाचे आहे. 'मी ग्लास फोडला, मी काच फोडली': फोडणारा तोच, पण क्रियापद त्याच्याकडे पाहत नाही, फुटलेल्या वस्तूकडे पाहते. क्रेओल बोलणाऱ्या मुलास येथे प्रत्येक वेळी थांबून विचार करावा लागतो: कोणी केले, कशाचे केले, ती वस्तू कोणत्या लिंगाची. हे थांबणे आमच्या तासाला रोज घडते. संगणकाच्या तासालाही घडत असेल, पण तेथे लाल ओळ दिसली की मुले काही तरी बदलून पुन्हा बटण दाबून पाहतात, असे आमचे सहकारीच सांगतात.

पालक म्हणाले, विचार करतो. मुलगी दाराशी उभी होती. ती काही बोलली नाही, पण मोदक उकडावयास ठेवून विसरणारी तीच. निवडीचा फॉर्म सोमवारपर्यंत कार्यालयात द्यावयाचा आहे, आणि त्यात त्या विषयासाठी रकाना एकच आहे.