पंखाखालचा मुक्काम

गेवराई तालुक्यातील तलवाडा हे गाव त्वरिता देवीच्या स्थानामुळे पंचक्रोशीत आणि पंचक्रोशीबाहेरही परिचित असले, तरी विमानाशी त्याचा संबंध आजवर डोक्यावरून जाणाऱ्या आवाजापुरताच आला आहे. तथापि उघड्या रानात मुक्काम ठोकण्याची विद्या या मुलखाला बाहेरच्या कोणी शिकवावी अशी मुळीच नाही. याच तालुक्यात, गोदावरीच्या काठी राक्षसभुवन येथे, १० ऑगस्ट १७६३ रोजी माधवराव पेशव्यांच्या फौजेने निजामाच्या सैन्याचा पराभव केला. आणि त्या काळची फौज म्हटली की राहुट्या, कनाती, दाणावैरण आणि बाजारबुणगे असा सारा लवाजमा तिच्यामागे आलाच. आजही दिवाळीच्या आगेमागे बीड जिल्ह्यातील ऊसतोड कुटुंबे भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण आणि लेकरेबाळे गाडीत घालून कारखान्यांच्या वाटेला लागतात आणि परक्या रानात कोपी उभारून महिनोन् महिने काढतात. त्यांचा मुक्काम पोटासाठी असतो, आणि ज्या मुक्कामाविषयी येथे लिहावयाचे आहे तो, छोट्या विमानाच्या पंखाखालचा, निव्वळ हौसेचा. दोहोंना एका पंक्तीस बसविण्याचा उद्धटपणा मी करणार नाही. परंतु वाहनात काय घालावे आणि काय घरी ठेवावे, हा प्रश्न दोघांपुढेही उभा असतो, आणि छोट्या विमानाच्या बाबतीत तो इतका कठोर होतो की त्याचे उत्तर तराजूवरच शोधावे लागते.

हा हौसेचा मुक्काम मूळचा अमेरिकेतला. पहिल्या महायुद्धानंतर लष्कराने मोडीत काढलेली विमाने विकत घेऊन गावोगाव कसरती दाखवीत हिंडणारे वैमानिक रात्री पंखाखालीच पथारी टाकीत. त्या गरजेचा पुढे रिवाज झाला, आणि रिवाजाची जत्रा झाली ती विस्कॉन्सिन राज्यातील ऑशकॉश या गावी. पॉल पोबेरेझ्नी यांनी १९५३ साली घरी विमाने बांधणाऱ्यांची एक संस्था काढली. तिचा वार्षिक मेळावा १९७० पासून ऑशकॉशला भरतो. जुलैच्या अखेरीस आठवडाभर तेथे आणि आसपासच्या धावपट्ट्यांवर मिळून दहा हजारांहून अधिक विमाने उतरतात. त्यांतील कित्येकांचे मालक गवतावर विमान उभे करतात आणि पंखाच्या सावलीत तंबू ठोकून तेथेच राहतात.

आपल्याकडे असे मेळावे रुजलेले नाहीत, आणि त्याचे कारण हौसेचा अभाव हे खचित नव्हे. मुंबईत कांदिवलीच्या एका इमारतीच्या गच्चीवर अमोल यादव यांनी विमान बांधले. आरोही पंडित या मुंबईच्या तरुणीने २०१९ साली अगदी हलक्या विमानातून एकटीने अटलांटिक महासागर ओलांडला. अडचण आहे ती सोयींची आणि परवान्यांची. वाटेल त्या रानात विमान उतरविण्याची मुभा येथे नाही. धावपट्टी मान्य असावी लागते, उड्डाणाची आगाऊ नोंद द्यावी लागते, आणि पिस्टन इंजिनाचे खास पेट्रोल मोजक्याच ठिकाणी मिळते. मराठवाड्यात लातूर, नांदेड, धाराशिव येथे धावपट्ट्या आहेत; पण तेथे चूल मांडून राहण्याची कल्पना पहाऱ्यावरच्या शिपायाला कशी रुचेल, याचा विचार वाचकांनीच करावा.

आता मुख्य विषयाकडे वळू. १९३८ ते १९४७ या काळात हजारोंनी तयार झालेले पायपर कब हे दोन आसनी, कापडी पंखांचे, ६५ अश्वशक्तीचे विमान उदाहरणादाखल घ्या. त्याचे रिकामे वजन सुमारे ३४७ किलो, आणि उड्डाणाच्या वेळी सर्व मिळून कमाल ५५३ किलो; म्हणजे माणसे, इंधन आणि सामान यांच्या वाट्याला २०६ किलो आले. ७५ किलोचा चालक, ४५ लिटर पेट्रोलचे ३२ किलो, ७० किलोचा सोबती, एवढी वजाबाकी झाली की २९ किलो हातात उरतात, आणि तंबूपासून दाढीच्या साबणापर्यंत सारा संसार त्यांत बसवावयाचा. बरे, तेही सगळे वापरता येत नाहीत, कारण मागच्या सामानखणाची मर्यादा अवघी ९ किलोंची आहे. खणात आणखी जागा दिसते म्हणून तीत आणखी काही कोंबणे हा या छंदातला सर्वांत सोपा आणि सर्वांत घातक मोह होय.

घातक का, हे तलवाड्याच्या गाडीवानाला समजावून सांगण्याची गरज नाही. बैलगाडीत मागे ओझे जास्त झाले की ती उलार होते आणि जू बैलांच्या मानेवरून वर उचलले जाते. विमानातही शेपटीकडे भार गेला की नाक वर जाते, आणि गाडीवान जसा उतरून दोन पोती पुढे सरकवतो तशी सवड वैमानिकाला आकाशात मिळत नाही. म्हणून प्रत्येक वस्तू किती किलोची आणि कोणत्या जागी ठेवली, याचा गुणाकार करून एकूण भाराचा मध्य ठरीव मर्यादेत पडतो की नाही, हे निघण्यापूर्वी कागदावर पाहतात. कब विमान एकट्याने चालविताना चालक मागच्या आसनावर बसतो. त्यामुळे एकटा प्रवासी आपला तंबू आणि बिछाना रिकाम्या पुढच्या आसनावर पट्ट्यांनी करकचून बांधतो, मात्र तेथील नियंत्रणदांड्याला गाठोडे अडकणार नाही याची खातरजमा केल्यावाचून तो इंजिन सुरू करीत नाही. सेस्ना १७२ सारख्या चार आसनी विमानात मागचे आसन काढून मोठी ऐसपैस जागा करतात. पण आसन काढले की विमानाच्या दप्तरात तशी नोंद हवी आणि भाराचा हिशेब नव्याने हवा. लोखंडी घडीची खुर्ची होकायंत्राजवळ ठेवली तर सुई भलतीच दिशा दाखवू लागते, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

या हिशेबातून जी यादी तयार होते ती पाहून आपली जुनी माणसे हसतील. दोन-अडीच किलोचा तंबू, हवा भरण्याची गादी, पिसांची झोपपिशवी, ॲल्युमिनियमची खुर्ची, एक पातेले, आणि कानांत घालावयाचे बोळे. कारण मेळाव्यात पहाट इंजिनांच्या गर्जनेनेच होते. पाणी कधीही वाहून न्यायचे नाही, कारण लिटरमागे एक किलो जातो आणि उतरल्यावर ते मिळतेच. अन्नाच्या बाबतीत मात्र मराठवाड्याने जगाला धडा द्यावा: धपाटे, कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी यांना ना शीतपेटी लागते, ना चूल. उंचीवर हवेचा दाब कमी होत असल्याने हवाबंद पुड्या फुगतात, तेव्हा चटणी कागदात बांधलेली बरी.

उतरल्यावर पहिला मान तंबूचा नव्हे, विमानाचा. विमान जमिनीवर उभे आहे की उडते आहे, हे पंखाला कळत नाही. त्याच्यावरून पुरेशा वेगाने वारा वाहिला की तो उचलू पाहतो. कब विमान ताशी सुमारे ६० किलोमीटर वेगाला हवेत तरंगते, आणि वैशाखातल्या वावटळीला तेवढा वेग गाठणे काही अवघड नाही. ३१ मार्च २०११ रोजी फ्लॉरिडातील लेकलंड येथे विमानांच्या भर मेळाव्यात टॉर्नेडो घुसला आणि उभी असलेली कित्येक विमाने उलथीपालथी झाली. म्हणून दोन्ही पंख आणि शेपटी अशा तीन जागी दोर बांधतात. दोर नायलॉनचे असावेत. अंबाडीचे किंवा तागाचे दोर पावसात भिजून आखडतात आणि विमानाच्या सांगाड्यावर ताण आणतात. खुंट्यांची गोष्ट तर आमच्या काळ्या रानात विशेष कठीण: उन्हाळ्यात जमीन भेगाळलेली, तेव्हा साधी खुंटी हाताने उपसून येते, पावसाळ्यात तीच जमीन लोण्यासारखी, तेव्हा चाके रुततात. ऑशकॉशलाही २०१० साली पावसाने गवताळ जमीन इतकी चिखलमय केली की येणारी विमाने इतरत्र वळवावी लागली. मळसूत्री खुंट्या आणि मुरमाड जागा, हाच यावर व्यवहार्य बंदोबस्त.

मग तंबू. वर पंख असलेल्या विमानाला सावलीचा लाभ आहे, खाली पंख असलेल्याला तो नाही. पण त्या सावलीतही एक खोच आहे. टाकी काठोकाठ भरलेली असली तर दुपारच्या उन्हात पेट्रोल प्रसरण पावते आणि पंखाखालच्या श्वासनळीतून ठिबकते. तेव्हा तंबू त्या नळीखाली नको, आणि शेगडी तर विमानापासून चांगली दूर, वाऱ्याची दिशा पाहून ठेवावी. वेगमापकाच्या नळीला टोपी घालावी. अन्यथा कुंभारीण माशी आपले मातीचे घर तेथेच बांधते आणि दुसऱ्या दिवशी उड्डाणात वेगाचा काटा खोटे बोलू लागतो. खाद्यपदार्थ विमानात ठेवू नयेत, कारण उंदराला धपाटे संपल्यावर तारांचे वेष्टनही चालते. आणि गुरांपासून सावध राहावे: कापडी पंखांवरच्या रोगणाची चव त्यांना आवडते, असे जुने वैमानिक सांगत. तलवाड्याच्या माळावर कधी काळी असे विमान उतरलेच, तर राहुटीआधी कुंपण घालावे लागेल, आणि ते गुरांपेक्षा पोरांसाठी अधिक.

निघण्याच्या दिवशी पहाटे निघण्याचा मोह सर्वांनाच होतो, कारण थंड हवा दाट असते, पंखाला उचल अधिक मिळते आणि धावपट्टी कमी लागते. ऊन चढले की तेच विमान त्याच ओझ्यासह जड झाल्यासारखे वागते. पण कार्तिकातल्या रात्रीचे दव तंबूच्या कापडात मुरलेले असते, आणि ओला तंबू कोरड्यापेक्षा जड भरतो. तो वाळेपर्यंत थांबावे तर हवा तापते, न थांबावे तर हिशेबात वजन वाढते. अशा वेळी अनुभवी मंडळी तंबूचे वरचे आच्छादन दोघांनी धरून झटकतात, दोरीवर अर्धा तास टाकतात, तोवर तिन्ही दोर सोडून त्यांतला एकही शेपटीला लोंबत राहिला नाही हे स्वतः हात लावून पाहतात, आणि गाठोडी पुन्हा तराजूवर चढवतात.