बायबलवाचन आणि ईश्वरी मार्गदर्शनाचे श्रवण

बायबल वाचताना ईश्वर वाचकाशी व्यक्तिशः बोलतो, अशी ख्रिस्ती श्रद्धा आहे. तथापि, ऐकू आलेला शब्द ईश्वराचा की स्वतःच्याच इच्छेचा, हे ओळखावे कसे? या संदर्भात संत ऑगस्टीन यांचे उदाहरण उद्बोधक ठरते. इ. स. ३८६ मध्ये मिलान येथील एका बागेत, वाचण्यास सांगणारा बालस्वर ऐकून त्यांनी पौलाच्या पत्रांचा ग्रंथ उघडला; रोमकरांस पत्राच्या १३ व्या अध्यायातील ज्या ओळींवर दृष्टी पडली, त्यांनी त्यांचे जीवन पालटले. वरवर पाहता हा कौल लावण्याचाच प्रकार वाटतो. परंतु पौलाचे वाचन त्यांनी आधीच आरंभिले होते, विषयासक्तीशी त्यांचा झगडा दीर्घकाळ चालू होता आणि त्या ओळींनी मागितला तो नेमका त्यांना न झेपणारा त्याग. (कौल सहसा इतका गैरसोयीचा नसतो.) पुढे ऐहिक व्यवहारासाठी शुभवर्तमानाची पाने उघडून कौल घेण्याविषयी त्यांनीच नापसंती दर्शविली, ५०६ मधील आग्द येथील धर्मसभेने ग्रंथ उघडून भविष्य पाहण्यास मनाई केली. सहाव्या शतकातीलच संत बेनेडिक्ट यांच्या नियमावलीनुसार उपवासकाळात प्रत्येक मठवासीयास एकेक ग्रंथ दिला जाई व तो आरंभापासून अखेरपर्यंत क्रमाने वाचावा लागे. आवडीचे वचन निवडण्याची मुभा त्यात नव्हती.