दुष्काळात जेवण दिलं, पुढे काय?

1896-97 साली मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. आपला भंडारा जिल्हा तेव्हा याच प्रांतात होता. पंडिता रमाबाई पुण्याहून या प्रांतात आल्या आणि निराधार मुली, विधवांना सोबत घेऊन गेल्या.

रमाबाई 1883 साली ख्रिस्ती झाल्या होत्या. त्यांच्यावर धर्मांतराचे आरोपही झाले. पण भूक त्यांनी स्वतः भोगली होती; तरुणपणी दुष्काळातच त्यांचे आई-वडील आणि बहीण गेले.

दौंडजवळ केडगावला त्यांनी 'मुक्ती' उभारलं. तिथं या मुली लिहायला-वाचायला, विणकाम, शेती, छपाई शिकल्या. मला हेच महत्त्वाचं वाटतं. आपण धान्याचं पाकीट देतो, फोटो काढतो. ते संपल्यावर ती बाई काय करणार, हे विचारतो का?