शहराचे सांडपाणी आणि पूर्व कोलकात्याची पाणथळ : दुहेरी नात्याचा हिशेब

पर्यावरण अभ्यासाच्या तासाला 'शहर आणि लगतचा निसर्ग' यांची आकृती काढायला सांगितली, की बहुतेक विद्यार्थी एकच बाण काढतात. तो शहराकडून निसर्गाकडे जातो आणि त्यावर 'प्रदूषण' असे लिहिलेले असते. हा बाण चूक नाही, पण अपुरा आहे. निसर्गाकडून शहराकडे येणारा बाणही असतो, आणि तो अभियंत्याच्या हिशेबात धरला नाही तर नुकसान शेवटी शहराचेच होते. या टिपणात आपण दोन्ही बाण एका खऱ्या उदाहरणावर तपासू. उदाहरण आहे पूर्व कोलकात्याच्या पाणथळ प्रदेशाचे.

१. जागेची ओळख

कोलकाता शहराच्या पूर्व कडेला सुमारे १२,५०० हेक्टरांचा हा प्रदेश आहे. ऑगस्ट २००२ मध्ये रामसर कराराखाली त्याची आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून नोंद झाली. यातील सुमारे ४६ टक्के भाग पाण्याखाली आहे आणि ३९ टक्के भागावर शेती होते. जवळपास ५ टक्के जमिनीवर शहराच्या कचऱ्यापासून झालेल्या खतमातीत भाजीपाला पिकतो. उरलेल्या सुमारे १० टक्क्यांवर वस्ती आहे.

येथील मासे वाढवण्याच्या उथळ तळ्यांना बंगालीत 'भेरी' म्हणतात. (नगारा या अर्थाच्या मराठी शब्दाशी याचा संबंध नाही.) या भेऱ्यांत शहराचे सांडपाणी घेतले जाते आणि त्यातच रोहू, कटला, मृगळ, तिलापिया हे मासे वाढवले जातात. म्हणजे ही जागा शहराने न छेडलेला निसर्ग नव्हे. शहराच्या सांडपाण्यावर आणि माणसांच्या कष्टावर ती आज या रूपात उभी आहे.

२. सांडपाणी पूर्वेकडे का जाते?

हुगळी नदी कोलकात्याच्या पश्चिमेला आहे. मग सांडपाणी नदीकडे न जाता पूर्वेकडे का जाते? याचे उत्तर जमिनीच्या उतारात आहे. दरवर्षीच्या पुरात नदी आपल्या काठावर गाळ टाकते. त्यामुळे काठ उंच होत जातो आणि जमीन नदीपासून दूर उतरत जाते. म्हणून इंग्रजांच्या काळात शहराचे मोठे नाले पूर्वेकडे काढले गेले.

पूर्वेला तेव्हा भरतीचे पाणी येणारी खारी सरोवरे होती आणि पाण्याचा निचरा विद्याधरी नदीतून होत असे. ही नदी गाळाने भरत गेली आणि १९२८ मध्ये ती मृत झाल्याचे जाहीर झाले. भरतीचे खारे पाणी येणे थांबल्यामुळे सरोवरांचे पाणी गोडे होत गेले. त्याच सुमारास स्थानिक मच्छीमारांनी सांडपाणी तळ्यांत घेऊन मासे वाढवण्याची पद्धत बसवली. पुढे १९४० च्या दशकात सांडपाणी आणखी पूर्वेला कुल्टी नदीपर्यंत नेणारे कालवे तयार झाले. भेऱ्यांना आजही याच कालव्यांतून पाणी मिळते.

३. भेरीत नेमके काय घडते?

क्रम असा आहे :

• हिवाळ्यात भेरी रिकामी करून तळ वाळवतात, गाळ काढतात, चुना टाकतात.

• मग सांडपाणी आत घेतात, ढवळतात आणि साधारण दोन ते तीन आठवडे तसेच ठेवतात.

• पाण्यातील जिवाणू सेंद्रिय घाण कुजवतात. त्यातून कार्बन डायऑक्साइड, नायट्रोजन व फॉस्फरसची संयुगे सुटी होतात.

• ही द्रव्ये वापरून शेवाळ वाढते. सूर्यप्रकाशात ते प्राणवायू सोडते आणि तोच प्राणवायू जिवाणूंना पुढच्या कामासाठी मिळतो.

• शेवाळ फार वाढले तर पाणी पुन्हा बिघडते. म्हणून नंतर मत्स्यबीज सोडतात. मासे शेवाळ व सूक्ष्मजीव खातात आणि समतोल राहतो.

• कडेने लावलेली जलपर्णी लाटांपासून बांध राखते आणि काही जड धातू मुळांत शोषते.

यंत्राच्या शुद्धीकरण केंद्रात हवा खेळवण्यासाठी विजेवर मोठा खर्च होतो. येथे ते काम शेवाळ आणि ऊन करतात. भेरीवरचा अनुभवी माणूस पाण्याचा रंग आणि वास पाहून आणखी किती सांडपाणी घ्यायचे ते ठरवतो. आपण प्रयोगशाळेत जे मोजतो, त्याचा अंदाज तो अनुभवाने बांधतो.

४. एक सोपा हिशेब

सांडपाण्यातील घाण आपण जैवरासायनिक प्राणवायू मागणीने, म्हणजे बीओडीने मोजतो. हिशेबासाठी शहराचे सांडपाणी दररोज ७५ कोटी लिटर, म्हणजे ७,५०,००० घनमीटर धरू. बीओडी लिटरला २०० मिलिग्रॅम, म्हणजे घनमीटरला ०.२ किलोग्रॅम धरू.

रोजचा एकूण भार = ७,५०,००० × ०.२ = १,५०,००० किलोग्रॅम

पाण्याचे क्षेत्र = सुमारे ५,८५० हेक्टर

हेक्टरी रोजचा भार = १,५०,००० ÷ ५,८५० = सुमारे २६ किलोग्रॅम

प्रत्यक्षात सगळे सांडपाणी भेऱ्यांत शिरत नाही, बरेचसे कालव्याने थेट कुल्टीकडे जाते. म्हणून हा आकडा वरची मर्यादा समजा. उष्ण प्रदेशात निव्वळ शुद्धीकरणासाठी बांधलेल्या तळ्यांवर याच्या अनेक पट भार टाकता येतो. पण त्या तळ्यांत मासे जगवायचे नसतात. रात्री शेवाळ प्राणवायू सोडत नाही, उलट वापरते. त्यामुळे पहाटे पाण्यातील प्राणवायू सर्वांत कमी असतो, आणि भार जास्त असेल तर मासे पृष्ठभागावर येऊन तडफडतात.

आता क्षेत्र निम्मे केले तर काय होईल? घाण तेवढीच राहील, पण हेक्टरी भार ५१ किलोग्रॅमच्या वर जाईल. तेव्हा भेरीवाला सांडपाणी कमी घेईल किंवा धंदा सोडेल, आणि न घेतलेले पाणी तसेच नदीत जाईल. म्हणून या जागेला 'मोकळी जमीन' म्हणणे चुकीचे आहे. तिचे क्षेत्रफळ हीच तिची शुद्धीकरणाची क्षमता आहे.

५. शहराकडून येणारे तीन धक्के

पहिला, भराव. १९६० च्या दशकात हुगळीतला गाळ पाण्यात मिसळून नळांवाटे आणला गेला, खाऱ्या सरोवरांचा मोठा भाग भरला गेला आणि त्यावर सॉल्ट लेक, म्हणजे आजचे बिधाननगर, वसले. घरांची गरज खरी होती, पण गेलेल्या पाण्याची किंमत तेव्हा कोणत्याच खात्यात लिहिली गेली नाही. पाण्याखालच्या जमिनीपेक्षा भराव टाकलेल्या जमिनीचा भाव कितीतरी जास्त असतो, त्यामुळे हा दबाव आजही आहे.

दुसरा, सांडपाण्याची जात. जिवाणू घरगुती घाण कुजवू शकतात, क्रोमियम नाही. शहराच्या पूर्व भागातील चामडे कमावण्याचे कारखाने हलवण्याचा आदेश १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिला. नवे संकुल बानतला येथे, पाणथळीला लागूनच उभे राहिले. म्हणून कारखान्याचे पाणी उगमाशीच स्वच्छ होणे येथे अनिवार्य ठरते, कारण पुढे मासे आहेत आणि ते मासे खाणारे शहर आहे.

तिसरा, पाण्याची पातळी. पावसाळ्यात शहर तुंबू नये म्हणून कालव्यातील पातळी खाली हवी असते. भेऱ्यांत पाणी उतारानेच शिरते, म्हणून त्यांना पातळी वर हवी असते. दरवाजे कधी उघडायचे यावर दोघांचे हित टकरावते, आणि कालवा गाळाने भरला की वाद वाढतो.

६. पाणथळीकडून शहराला काय मिळते?

• सांडपाण्याचे शुद्धीकरण, तेही जवळजवळ विजेशिवाय

• वर्षाला १० हजार टनांहून अधिक मासे, शिवाय ताजी भाजी, तीही शहराच्या दारात

• अतिवृष्टीचे पाणी सामावणारी जागा

• हजारो कुटुंबांचा रोजगार

हा परतीचा बाण कागदावर आणण्याचे श्रेय मुख्यतः ध्रुवज्योती घोष यांना जाते. ते राज्य सरकारचे अभियंता होते. १९८० च्या दशकात सांडपाणी पुढे कुठे जाते याचा त्यांनी पाठपुरावा केला आणि मच्छीमारांच्या ज्ञानाची शास्त्रीय मांडणी केली. १९९० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या 'ग्लोबल ५००' सन्मानासाठी त्यांची निवड झाली. १९९२ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने या भागातील जमिनीचा वापर बदलण्यावर बंदी घातली, आणि २००६ मध्ये राज्याने संवर्धनाचा स्वतंत्र कायदा केला. कायद्यामुळे जागेला हद्द मिळाली. पण ती टिकणे हे योग्य प्रतीचे सांडपाणी वेळेवर पोहोचण्यावर आणि भेरीचा धंदा परवडण्यावर अवलंबून आहे.

७. लक्षात ठेवा

कुंपण घातले की निसर्ग वाचला, असे येथे म्हणता येत नाही. सांडपाणी बंद केले तर भेऱ्या सुकतील, विषारी सोडले तर मरतील. भेऱ्या गेल्या तर शहराला तेच काम पैसे आणि वीज खर्चून करावे लागेल. पुढे कधी तुमच्यासमोर एखाद्या शहराचा विकास आराखडा आला आणि त्यात पाणथळ जागेवर 'रिक्त' असे लिहिलेले दिसले, तर सही करण्याआधी कलम ४ मधला हिशेब त्या जागेसाठी करून पाहा.

स्वाध्याय

१. सांडपाण्याची बीओडी लिटरला १५० मिलिग्रॅम आणि पाण्याचे क्षेत्र ४,००० हेक्टर धरून हेक्टरी भार काढा.

२. ढगाळ हवामान सलग आठवडाभर राहिले तर भेरीतील प्राणवायूवर काय परिणाम होईल? कारणासह लिहा.

३. तुमच्या घरातील सांडपाणी शेवटी कोणत्या नदीत, तलावात किंवा खाडीत पोहोचते ते शोधा आणि दोन्ही बाण दाखवणारी आकृती काढा.